निसटलेली शिकार आणि बादशहाची हळहळ

शिकाऱ्यांच्या बैठकीत एक गोष्ट हटकून अनुभवाला येते. पाडलेल्या जनावराची हकीकत दोन वाक्यांत संपते. निसटलेल्याची मात्र रात्रभर पुरते. शिंगे केवढी होती, ते कसे टप्प्यात आले होते, नेमका कुणाच्या पायाखाली पाचोळा वाजला, हे सारे पुन्हा पुन्हा सांगितले जाते आणि दर खेपेला शिंगे बोटभर वाढतात. साध्या माणसाची ही हळहळ निरुपद्रवी असते. ऐकणारे हसतात आणि घरी जातात. पण शिकारी जर हिंदुस्थानचा बादशहा असेल, तर या हळहळीचे काय होते? तिची किंमत कोण मोजतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. चौथा मोगल बादशहा नुरुद्दीन जहांगीर याने ते आपल्या आत्मचरित्रातच लिहून ठेवले आहे.

'तुझुक-ए-जहांगिरी' हा फारसी ग्रंथ म्हणजे एका चौकस माणसाची रोजनिशीच आहे. त्यात फळांच्या चवी आहेत, पक्ष्यांची वजने आहेत, सारस पक्ष्यांच्या संसाराच्या नोंदी आहेत. आणि शिकार तर पानोपानी आहे. कारकिर्दीच्या अकराव्या वर्षी, म्हणजे १६१६-१७ मध्ये, बादशहाने आपल्या शिकारीचा हिशेब काढायला सांगितला. वयाच्या बाराव्या वर्षापासूनचा हा हिशेब होता. कारकुनांनी आकडा काढला : बादशहाच्या समक्ष २८,५३२ जनावरे व पाखरे शिकार झाली, पैकी १७,१६७ खुद्द त्याच्या हातची. त्यांत ८६ वाघ-सिंह आणि ८८९ नीलगाई. नीलगाय म्हणजे आपल्या विदर्भातली रोही. नाव गाईचे असले, तरी जात कुरंगाची. नर मोठा, निळसर करडा, आणि कमालीचा सावध.

या हिशेबात एकही निसटलेले जनावर नाही. वहीत फक्त पडलेल्याची नोंद होते. निसटलेल्यांची नोंद कारकुनाने ठेवली नाही. ती बादशहाने स्वतः ठेवली.

त्यातली एक नोंद कारकिर्दीच्या पाचव्या वर्षाची, १६१० च्या सुमाराची आहे. बादशहा एका नीलगाईच्या टप्प्यात पोहोचला होता. बंदूक डागणार तोच एक जिलौदार आणि दोन कहार अचानक समोर आले. जिलौदार म्हणजे स्वारीच्या घोड्याबरोबर पायी चालणारा सेवक, आणि कहार म्हणजे आपल्याकडचे भोई. नीलगाय बुजली आणि पळाली. बादशहा लिहितो की, त्याला अतिशय संताप आला. जिलौदाराला जागच्या जागी ठार करण्याचा हुकूम झाला. दोन्ही कहारांच्या पायांच्या शिरा तोडून, त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवण्यात आले, म्हणजे पुन्हा असे धाडस कुणी करू नये. त्यानंतर बादशहा घोड्यावर बसला आणि बाज-ससाणे घेऊन पुढच्या शिकारीला गेला. दुसऱ्या दिवशी सिकंदर मुईन नावाच्या सरदाराने वाट दाखवली, मोठी नीलगाय बंदुकीने पडली आणि त्या सरदाराची मनसब वाढली.

एका नीलगाईपायी एकाचा जीव गेला, दुसऱ्या नीलगाईपायी एकाची बढती झाली. सरदाराचे नाव ग्रंथात आहे. जिलौदाराचे नाही, कहारांचेही नाही.

हाच तो बादशहा, ज्याच्या न्यायाची साखळी आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. १६०५ मध्ये तख्तावर बसताच त्याने सोन्याची जंजीर करवली. तीस गज लांब, साठ घंटा लावलेली. तिचे एक टोक आग्र्याच्या किल्ल्यात आणि दुसरे यमुनेकाठच्या दगडी खांबाला. ज्याच्यावर अन्याय होईल त्याने साखळी ओढावी. पण ज्याला बादशहाच समोर उभा राहून मारण्याचा हुकूम देतो, त्याने साखळीपर्यंत पोहोचायचे कसे?

हा केवळ एका माणसाचा तापटपणा होता असे आम्हाला वाटत नाही. त्यामागे जुनी रीत होती. मोगलांचे पूर्वज मंगोल. त्यांच्यात शिकार म्हणजे लष्कराची कवायत असे. हजारो लोक मैलोगणती रिंगण धरून जनावरे आत आत हाकत आणत. इतिहासकार जुवैनी सांगतो की, रिंगणातून एखादे जनावर सुटले तर त्याची चौकशी होई, हजाराच्या, शंभराच्या, दहाच्या नायकांना फटके बसत आणि प्रसंगी प्राणही जात. आज हरीण सुटले, उद्या शत्रू सुटेल, हा त्यामागचा हिशेब. या रिंगणाला मोगल 'कमरगा' म्हणत. अकबराने १५६७ मध्ये लाहोरजवळ असा प्रचंड कमरगा केला होता. थोडक्यात, बादशहाच्या समोरून जनावर निसटणे हा त्याच्या इभ्रतीचा प्रश्न होई, आणि इभ्रतीची भरपाई खालच्या माणसाकडून वसूल केली जाई.

पण याच परंपरेत दुसरा एक धागाही होता. १५७८ मध्ये पंजाबात भेऱ्याच्या परिसरात अकबराने असाच कमरगा मांडला. रिंगण आवळत आले होते. एवढ्यात अकबराची मनःस्थिती एकाएकी पालटली. त्याने शिकार थांबवली आणि अडकलेली जनावरे मोकळी सोडायला लावली. त्या क्षणी त्याला काय दिसले याबद्दल दरबारी इतिहासकार गूढच बोलतात. घडले एवढे खरे की, हाती आलेली शिकार बादशहाने स्वतः जाऊ दिली, आणि त्यात त्याची इभ्रत कमी झाली नाही.

अशीच एक कथा आपल्या दख्खनशी नाते असलेल्या फरिश्त्याने सांगितली आहे. हा इतिहासकार आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, मग विजापूरला गेला. तो लिहितो की, गझनीचा सबुक्तगीन साधा घोडेस्वार होता, तेव्हा त्याने एक हरणाचे पाडस पकडले. परतताना मागे पाहतो तो पाडसाची आई घोड्यामागून चालत येत आहे. त्याला दया आली, त्याने पाडस सोडले. रात्री स्वप्नात पैगंबरांनी दर्शन दिले आणि या दयेबद्दल त्याला राज्य मिळेल असे सांगितले. ही कथा खरी की रचलेली, हा प्रश्न गौण आहे. राजाच्या अंगी काय असावे असे लोकांना वाटत होते, ते तिच्यातून कळते. सुटलेल्या हरणाने राज्य दिले, असे लोक सांगत राहिले.

जहांगीरमध्ये हे दोन्ही धागे गुंतलेले होते. 'तुझुक'मध्ये आणखी एका नीलगाईची हकीकत आहे. गोळ्या लागूनही ती पडेना. बादशहा पायी तिच्या मागे लागला. शेवटी त्याने नवस बोलला की, ही पडली तर हिचे मांस ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या नावाने शिजवून फकिरांना वाटीन. नीलगाय थकली आणि हाती आली. दोन-तीन दिवसांनी दुसरी एक नीलगाय सूर्यास्तापर्यंत झुलवत राहिली. बादशहा निराश होऊन मोठ्याने म्हणाला, ख्वाजा, हीसुद्धा तुम्हालाच. तोंडातून शब्द निघायला आणि ती खाली बसायला एकच गाठ पडली, असे तो लिहितो. तिचेही मांस फकिरांना गेले. निसटत्या शिकारीपुढे हिंदुस्थानचा मालक कसा अगतिक होतो, हे येथे दिसते. हीच अगतिकता एकदा नवस होऊन बाहेर पडते आणि एकदा तलवार होऊन.

लाहोरजवळच्या शेखूपुऱ्याचा हिरन मिनार आजही उभा आहे. मनसराज नावाचे एक काळवीट बादशहाच्या हाती लागले आणि महिनाभरात माणसाळले. ते मेले तेव्हा, १६०७ च्या सुमारास, बादशहाने त्याची कबर बांधली. वर हरणाच्या आकाराचा दगड, आणि लेख नामांकित सुलेखनकार मुल्ला मुहम्मद हुसेन काश्मिरी यांच्या हातचा. शिवाय हुकूम झाला की, या मैदानातल्या हरणांची शिकार कुणी करू नये; त्यांचे मांस हिंदूंना गाईसारखे आणि मुसलमानांना डुकरासारखे वर्ज्य मानावे. काळविटाला नाव मिळाले, कबर मिळाली, शिलालेख मिळाला. तीन वर्षांनी मारल्या गेलेल्या जिलौदाराला यातले काहीच मिळाले नाही.

जहांगीरच्या हातून निसटलेली सर्वांत मोठी शिकार मात्र जंगलातली नव्हती. ती आपल्या महाराष्ट्रातली होती. तिचे नाव मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने बुडती निजामशाही सावरली आणि १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली. १६१६ मध्ये मोगल फौजेने त्याचा पराभव करून खडकी जाळली, पण अंबर हाती आला नाही. साधारण याच काळात चित्रकार अबुल हसनने एक चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला जहांगीर भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे! प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला आणि खुलताबादेत त्याला माती मिळाली. जे रणात साधले नाही ते कागदावर साधून घेतले. बैठकीत हरणाची शिंगे वाढवून सांगणारा शिकारी आणि हे चित्र करवून घेणारा बादशहा यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. अंबरच्या मृत्यूनंतर त्याच दरबारच्या मुतमद खानाने त्याच्या युद्धकौशल्याची आणि राज्यकारभाराची मनमोकळी तारीफ लिहून ठेवली, हा इतिहासाचा न्याय.

पन्नाशीच्या सुमारास जहांगीर पालटू लागला. १६१८ मध्ये गुजरातच्या मुक्कामात सुबहान कुली नावाच्या माणसाला त्याने देहदंड फर्मावला. हा माणूस पेशाने शिकारी होता. मग रदबदली झाली, माफीचा हुकूम सुटला, पण तो पोहोचण्याआधी मान उतरली होती. बादशहाला पश्चात्ताप झाला. त्याने नियम केला की, देहदंडाचा हुकूम कितीही कडक शब्दांत दिलेला असो, सूर्यास्तापर्यंत त्याची अंमलबजावणी करू नये. आमच्या मते सोन्याच्या साखळीपेक्षा हा नियम मोठा आहे. साखळी दुसऱ्यांच्या अन्यायासाठी होती. हा नियम बादशहाच्या स्वतःच्या रागासाठी होता. आठ वर्षे आधी तो असता तर जिलौदार कदाचित वाचला असता. याच सुमारास, नातू शुजा आजारी असताना, आपल्या हाताने जनावर न मारण्याचे व्रत त्याने घेतले. ते काही वर्षे पाळलेही. पुढे शाहजहानने बंड केले आणि चिडलेल्या बापाने पुन्हा बंदूक उचलली.

शेवट १६२७ चा. बादशहा आजारी होता, काश्मीरहून लाहोरकडे परतत होता. वाटेत बैरमकल्ल्याला त्याची आवडती शिकारीची जागा होती. डोंगराखाली बैठक मांडलेली; माथ्यावरून गावकरी हरणे कड्याकडे हाकत. मुतमद खान सांगतो, एका पायदळातल्या माणसाने एक हरीण हाकत आणले. ते खडकाच्या अशा जागी अडकले की, बादशहाला नीट दिसेना. त्याला हुसकायला तो माणूस पुढे सरकला. पाय घसरला, हाती आलेले झुडूप उपटले आणि तो कड्यावरून खाली कोसळला. हाडांचा चुराडा झाला. बादशहा शिकार सोडून तंबूत गेला. त्या माणसाची आई आक्रोश करत आली. त्याने तिला पैसे दिले, समजूत घातली. पण त्याचे स्वतःचे मन काही शांत होईना. जणू मृत्यूचा फरिश्ताच त्या रूपाने समोर आला होता. त्यानंतर त्याने उभारी धरली नाही. काही दिवसांतच वाटेत त्याचा इंतकाल झाला. लाहोरजवळ शाहदऱ्याला त्याची कबर आहे.

जिलौदाराच्या मृत्यूनंतर बादशहा घोड्यावर बसून शिकारीला गेला होता. सतरा वर्षांनी एक पायदळवाला गेला आणि बादशहा तंबूत परतला. हरणाची हळहळ माणसाच्या हळहळीपर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला. आणि या दुसऱ्या माणसाचेही नाव कुणी लिहिले नाही.

आज मोगलांचा इतिहास म्हणजे फिर्यादी आणि वकील यांचा आखाडा झाला आहे. एका बाजूने पायांच्या शिरा तोडल्याचे दाखले फेकले जातात, दुसऱ्या बाजूने आपण न्यायाची साखळी पुढे करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्या एकाच माणसाच्या आहेत आणि एकाच ग्रंथात आहेत. पण हा वाद ज्याच्यावरून चालतो तो बादशहा आपला पूर्वज आहे, हे कुणी ठरवले? आम्ही महाराष्ट्रातले मुसलमान बहुतांशी बागवान, पिंजारी, आतार, तांबोळी, मोमीन, मुलाणी यांची लेकरे. आमचे खापरपणजे तख्तावर नव्हते. ते पालखीखाली होते, घोड्यापुढे पळत होते, हाका घालत कड्याच्या टोकावर उभे होते. आमच्या शेजारच्या हिंदू कष्टकऱ्यांचे खापरपणजेही तेथेच होते. आठशे एकोणनव्वद नीलगाईंचा हिशेब लागला आहे. पुढच्या इतिहासकारांनी आता या माणसांचा हिशेब लावावा.