पुलावरून पाणी वाहतंय, गाडी टाकायची का? एक फूट पाण्याचं गणित समजून घ्या

मागची गाडी हॉर्न देतेय. पुढची जीप पाण्यातून पार झाली. घर पलीकडे अर्ध्या तासावर आहे. पुलावरून पाणी वाहतंय, पण फार काही वाटत नाही. टाकू का गाडी?

पावसाळ्यात चाकूर, अहमदपूर, उदगीर, मुखेड या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. निर्णय घ्यायला हातात मिनिटभर असतं, आणि त्या मिनिटात डोकं शांत नसतं. म्हणून हे गणित घरी बसूनच समजून घेतलेलं बरं.

आधी दोन घटना

२८ सप्टेंबर २०२१. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर आली. पुलावरून पाणी वाहत होतं. तरीही बस पुलावर गेली आणि प्रवाशांसह नाल्यात वाहून गेली. काही जणांचा जीव गेला. लक्षात घ्या, ही काही छोटी कार नव्हती, एसटीची बस होती.

दुसरी घटना ऑगस्ट २०२५ ची. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात एका दिवसात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाला. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे सगळ्यात वरची पायरी. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरलं. त्याच पावसात उदगीर-देगलूर रस्त्यावर धडकनाळ इथे तेलंगणातल्या प्रवाशांची कार आणि ऑटो पुरात वाहून गेले. काहींना वाचवता आलं, सगळ्यांना नाही.

दोन्ही ठिकाणी मोठी नदी नव्हती. नाला, ओढा असंच काहीतरी, जे उन्हाळ्यात कोरडं पडलेलं असतं.

आपल्याकडे हा धोका जास्त का?

लातूर म्हटलं की लोकांना आठवते एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे. टँकर कधी येणार, बोअर किती फूट घ्यायचा, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण पाण्याने भरलेल्या रस्त्याचं काय करायचं, याची तेवढी सवय नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लातूर, धाराशिव, बीड, नांदेड या जिल्ह्यांनी जो पूर पाहिला, त्यानंतर मात्र ही सवय लावून घ्यावीच लागेल.

अहमदपूर, चाकूर, उदगीर हा भाग बालाघाटच्या पठाराचा. इथले ओढे मन्याड, तिरू, घरणी अशा नद्यांना मिळतात आणि पाणी पुढे मांजरेतून गोदावरीत जातं. ओढा छोटा असला की तो झटकन भरतो. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसेल, पण वरच्या अंगाला तासभर धो-धो पडला असेल, तर पाणी अचानक अंगावर येतं. तुम्ही पुलाच्या मध्यावर असताना पातळी वाढू शकते.

यात एक चांगली गोष्टही आहे. जो ओढा झटकन भरतो, तो पाऊस थांबल्यावर बरेचदा काही तासांत उतरतोही. म्हणजे तुम्हाला हवा असतो तो फक्त थोडा वेळ.

आता गणित

एका साध्या हॅचबॅक कारचं वजन साधारण १ टन, म्हणजे १००० किलो धरा. गाडीचा तळ रस्त्यापासून १६-१७ सेंटिमीटर वर असतो. तळाचं क्षेत्रफळ साधारण ६ चौरस मीटर.

पाणी तळाला टेकलं की पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला गाडी ६० लिटर पाणी बाजूला सारते. शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा नियम आठवतोय? जेवढं पाणी बाजूला, तेवढी वर उचल. म्हणजे दर सेंटिमीटरला ६० किलो. अजून १६-१७ सेंटिमीटर पाणी चढलं की उचल १००० किलोच्या घरात. एकूण पाणी किती झालं? साधारण ३३ सेंटिमीटर. एक फुटाच्या किंचित वर!

प्रत्यक्षात गाडीत हळूहळू पाणी शिरतं, तळ अगदी सपाट नसतो, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होतो. पण गाडी पूर्ण तरंगायची वाट पाहावी लागतच नाही. चाकांवरचं वजन कमी झालं की टायरची पकड जाते. मग बाजूने येणारा प्रवाह गाडीला कडेला ढकलत नेतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो.

अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस लोकांना हेच सांगते: वाहतं पाणी ६ इंच असेल तर धडधाकट माणूस पडू शकतो, १ फूट पाणी बहुतेक कार वाहून नेऊ शकतं आणि २ फूट पाणी एसयूव्ही आणि ट्रकही.

‘आपली गाडी उंच आहे’ हा भरवसा म्हणून फसवा. उंच गाडीला एक फुटाऐवजी दीड-दोन फूट मिळतात, एवढंच.

पाण्याखाली रस्ता आहे, हे कशावरून?

खोलीपेक्षा मोठा प्रश्न हा आहे. गढूळ पाण्याखाली पूल खचलाय का, भराव वाहून गेलाय का, हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, आणि अंधारात दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली.

आपल्याकडच्या जुन्या फरशी पुलांना बऱ्याच ठिकाणी कठडेच नसतात. पाणी वरून वाहायला लागलं की पुलाची कड कुठे संपते ते कळत नाही. त्यात साईडपट्टी काळ्या मातीची असेल तर भिजून लोण्यासारखी होते. एक चाक खाली उतरलं की गाडी कलंडते.

पुढची जीप गेली, हा पुरावा नाही. ती गेली तेव्हाचं पाणी वेगळं होतं, आणि कदाचित कडेचा शेवटचा टेकू तिच्याच वजनाने सुटला असेल.

म्हणून नियम एकच: पुलावरून किंवा रस्त्यावरून पाणी वाहत असेल, तर गाडी टाकायची नाही. खोली किती, हा प्रश्नच विचारायचा नाही. रात्री तर अजिबात नाही.

पाणी वाहत नसेल, नुसतं साचलं असेल तर?

शहरात, बसस्टँडसमोर, रेल्वेच्या भुयारी पुलाखाली पाणी साचतं. भुयारी पूल टाळाच, तिथे मधोमध खोली किती ते बाहेरून कळत नाही. ओळखीच्या सपाट रस्त्यावर साचलेलं पाणी असेल, तर हे लक्षात ठेवा:

• पाणी चाकाच्या मध्यबिंदूच्या बरंच खाली असेल तरच जा. दुभाजक, रस्त्याची कड, समोरून येणारी दुचाकी यावरून अंदाज येतो.
• पहिल्या गिअरमध्ये, हळू आणि एकसारख्या वेगाने जा. मध्ये गिअर बदलू नका, अॅक्सिलरेटर सोडू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर सगळ्यात खालचा गिअर धरून ठेवा.
• वेगाने गेलात तर पुढे लाट तयार होते आणि पाणी थेट इंजिनच्या हवेच्या पाइपात जातं.
• एका वेळी एकच गाडी. ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका, त्याची लाट तुमच्या बोनेटवर येते.
• सेंट्रल लॉक काढून ठेवा, काचा निम्म्या खाली घ्या.
• बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबा. ओले ब्रेक नीट लागत नाहीत.

गाडी मध्येच बंद पडली तर?

पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिन हवा दाबू शकतं, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च पूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जातो. पाणी शांत आणि उथळ असेल तर उतरून बाजूला व्हा, गाडी टो करून गॅरेजला न्या.

इथेच विम्याचा मुद्दा येतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराने झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पूर येतो, पण पाण्यात इंजिन चालू करून झालेलं नुकसान कंपन्या बहुतेक वेळा नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर असतं. पावसाळ्याआधी पॉलिसी एकदा उघडून बघा.

पाणी वाढतंय आणि तुम्ही आत आहात

आता गाडी विसरा. पहिलं एक मिनिट सगळ्यात महत्त्वाचं.

१. सीटबेल्ट काढा. लेकरांचे बेल्टही सोडा.
२. लगेच काच खाली करा. पॉवर विंडो पाण्यात थोडाच वेळ चालतात.
३. दाराशी झटत बसू नका. बाहेर दारावर दोन फूट पाणी चढलं तर त्याचा दाब पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो.
४. काच उघडत नसेल तर बाजूची काच कोपऱ्यात फोडा. समोरची काच फोडायला जाऊ नका. तिच्यात मध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेवा, डिकीत नाही.
५. लेकरांना आधी बाहेर काढा. खिडकीतून टपावर चढा आणि गाडी अडकून स्थिर असेल तर तिथेच थांबा. वाहत्या पाण्यात उतरून चालायचा प्रयत्न करू नका.
६. ११२ वर फोन करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८.

काचा लावून ‘पाणी ओसरेल’ म्हणत आत बसणं जिवावर बेतू शकतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काही जणांचा बंद गाडीत गुदमरून मृत्यू झाला होता.

बाहेरून कुणी वाहत्या गाडीत दिसलं, तर मागे पाण्यात उडी टाकू नका. दोर, लांब बांबू, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, जे मिळेल ते काठावरून फेका आणि ११२ ला ठिकाण नीट सांगा: कोणतं गाव, कोणता पूल, कोणत्या बाजूला.

निघण्याआधी दोन मिनिटं

हवामान विभागाचा जिल्हावार इशारा बघा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. अशा दिवशी प्रवास टळत असेल तर टाळा. टळत नसेल तर उजेडात निघा आणि वाटेतल्या गावात कुणाला तरी फोन करून ओढ्याचं विचारा. पुलापलीकडच्या गावातल्या माणसाला जे दिसतं, ते मोबाईलच्या नकाशात दिसत नाही. नकाशा लांबचा रस्ता सोडून गावातून जवळचा दाखवत असेल, तर त्या रस्त्यावर फरशी पूल आहेत का ते आधी विचारा.

आणि घरी एक गोष्ट सांगून ठेवा: “रस्त्यात पाणी असलं तर मी थांबणार, उशीर होईल.” कारण बहुतेक वेळा गाडी पाण्यात टाकायला लावतो तो घरून पुन्हा पुन्हा येणारा “कुठंवर आलात?” हा फोन. त्या फोनला “थांबलोय, पाणी उतरलं की निघतो” एवढं उत्तर पुरेसं आहे.