हॅरिएटचा दावा

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की ड्रेड स्कॉट खटल्याचं नाव येतंच. पण दावे दोन होते. ६ एप्रिल १८४६ ला सेंट लुइसच्या कोर्टात ड्रेडसोबत त्याची बायको हॅरिएट हिनंही स्वतंत्र दावा लावला होता. तो फारसा कुणाला आठवत नाही.

दोघांचं म्हणणं साधं होतं. मिसिसिपीच्या वरच्या अंगाला, आजच्या मिनेसोटात, फोर्ट स्नेलिंग नावाचं लष्करी ठाणं होतं. तेव्हाचा हा अगदी सरहद्दीचा मुलूख. १८२० च्या कायद्यानं तिथं गुलामगिरीला बंदी. तरी लष्करी अधिकारी गुलाम घेऊन तिथं राहायचे, आणि वर सरकार त्यांना नोकराचा भत्ता द्यायचं! बंदी घालणारं सरकारच ती मोडायला पैसे पुरवत होतं. ड्रेडला तिथं डॉ. इमर्सननं आणलं, हॅरिएटला सरकारी एजंट टॅलिआफेरोनं. लग्नही तिथंच लागलं, त्या एजंटाच्याच हातून, रीतसर. एरवी गुलामांच्या लग्नाला कायदा विचारतच नसे.

मिसुरीतली कोर्टं तोवर बरी होती म्हणायची. मुक्त मुलखात ठेवलेला गुलाम मुक्त, हा तिथला रिवाज. १८३६ मध्ये रेचल नावाची बाई याच मुद्द्यावर सुटली होती, आणि तिलाही एका लष्करी अधिकाऱ्यानं फोर्ट स्नेलिंगलाच ठेवलं होतं. स्कॉट दांपत्यही १८५० ला जिंकलं. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं.

आता खरी मेख बघा. मूल गुलाम की मुक्त, हे आईवरून ठरायचं. म्हणजे एलायझा आणि लिझी या दोन पोरींचं सगळं आयुष्य हॅरिएटच्या दाव्यात अडकलेलं. पण १८५० मध्येच दोन्ही बाजूंनी ठरवलं, की नवऱ्याचा एकच खटला पुढं न्यायचा, निकाल बायकोलाही लागू. माझ्या मते तिथंच ती इतिहासातून बाहेर पडली.

१८५७ ला सरन्यायाधीश टॉनीनं निकाल दिला: काळी माणसं नागरिकच नाहीत, आणि सरहद्दीच्या मुलखात गुलामगिरी बंद करायचा काँग्रेसला अधिकारच नाही. सात विरुद्ध दोन. त्याच मे महिन्यात नव्या मालकानं कुटुंबाला मुक्त केलं. सोळा महिन्यांत ड्रेड गेला.

हॅरिएट लोकांची धुणी धुवायची. १८७३ ला जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा ती सेंट लुइसमध्ये हयात होती. १८७६ ला वारली. तिची कबर सापडायला एकविसावं शतक उजाडलं.