एका आण्याचा डास

बदलीच्या गावी गेले की तेथले पाणी बाधते, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. थंडी वाजून ताप भरला, चार गोधड्या अंगावर घातल्या तरी हुडहुडी थांबेना, की दोष गावच्या हवापाण्याचा! ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. 'मलेरिया' हा मूळ इटालियन शब्दच 'वाईट हवा' या अर्थाचा आहे. मनुष्याच्या हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादेत, मिळाला. तो मिळविणारा मनुष्य सरकारी नोकरीतील, बदल्यांनी गांजलेला एक डॉक्टर होता. त्याची, आणि त्याच्या यशातील दोन विस्मृत वाटेकऱ्यांची हकीगत सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

हिवतापाच्या रोग्याच्या रक्तातील जंतू प्रथम पाहिला तो लाव्हेरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने, १८८० साली अल्जीरियात. परंतु हा जंतू एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे कोडे सुटले नव्हते. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या पोटात वाढतात हे दाखविणारे पॅट्रिक मॅन्सन यांनी, हिवतापाचेही तसेच असावे, असा तर्क केला. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने मनुष्यास रोग जडतो, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे 'पाणी बाधते' ही समजूत एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही सुटली नव्हती!

मॅन्सन यांनी १८९४ साली लंडनमध्ये रोनाल्ड रॉस यांना सूक्ष्मदर्शक यंत्रातून ते जंतू दाखविले. अल्मोडा येथे १८५७ साली जन्मलेले रॉस १८८१ पासून येथील वैद्यकीय सेवेत होते. १८९५ साली ते हिंदुस्थानात परतले आणि डासांच्या मागे लागले. मध्येच बंगळूरला कॉलऱ्याच्या बंदोबस्तासाठी त्यांची रवानगी झाली. पुढे उटकमंडच्या परिसरात त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. दोन वर्षे त्यांनी करड्या व पट्टेरी डासांची चिरफाड केली, पण हाती काही लागेना. लागणार तरी कसे? मनुष्याच्या हिवतापाशी त्या जातींचा संबंधच नव्हता.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे, निराळ्याच जातीचे डास त्यांच्या हाती आले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्यास मच्छरदाणीत निजवून हे डास त्यावर सोडण्यात आले. चावणाऱ्या दर डासामागे त्यास एक आणा मिळे. उकाडा असह्य होता. पण पंखा हलविला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून पंखा बंद. कपाळावरील घामाने यंत्राचे स्क्रू गंजलेले, भिंगास तडा गेलेला. २० ऑगस्ट रोजी, उरल्यासुरल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काही गोल पेशी दिसल्या. त्यांत नेमके हिवतापाच्या जंतूत आढळणारे काळे कण होते. दुसऱ्या दिवशी चिरलेल्या डासात त्याच पेशी मोठ्या झालेल्या आढळल्या. याचा अर्थ, जंतू डासाच्या अंगात जिवंत असून वाढत होता. हा २० ऑगस्ट आज जगभर 'डास दिन' म्हणून पाळला जातो.

यापुढचा भाग सरकारी नोकरीतील वाचकांस परिचित वाटेल. शोध ऐन भरात असताना सप्टेंबरात बदलीचा हुकूम आला. रॉस मुंबईला आणि तेथून राजपुतान्यातील खेरवाड्याला रवाना झाले. तेथे हिवतापाचे रोगीच विरळा! मॅन्सन यांनी लंडनमध्ये खटपट केली, तेव्हा १८९८ च्या फेब्रुवारीत त्यांची कलकत्त्यास खास कामावर नेमणूक झाली.

तेथे वेगळीच अडचण उभी राहिली. मुंबई-पुण्यातील प्लेगच्या हाहाकाराची वार्ता सर्वत्र पसरली होती आणि टोचणीच्या नुसत्या नावाने लोक घाबरत. रक्ताचा थेंब देण्यास कोणी धजेना. तेव्हा रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. येथे त्यांना महंमद बक्ष नावाचा मदतनीस लाभला. पक्षी धरणे, डास पाळणे, रोगी चिमण्यांवर ते सोडणे, ही सारी उस्तवार त्याने केली. जुलैमध्ये रॉस यांना जंतूची सूक्ष्म रूपे डासाच्या लाळग्रंथीत सापडली. अशा डासांनी चावलेल्या निरोगी चिमण्यांस हिवताप जडला आणि कोडे सुटले. रोग पाण्यातून वा हवेतून येत नव्हता, तर डासाच्या दंशातून येत होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रासी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी मनुष्याचा हिवताप ॲनाफिलीस डासामुळेच पसरतो, हे सिद्ध केले. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु श्रेयावरून रॉस व ग्रासी यांच्यात जो कडवट वाद पेटला, तो पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला.

या ज्ञानाचा उपयोग आपल्या मुंबईस लवकरच झाला. १९११ च्या अहवालात डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत व टाक्यांत वाढणाऱ्या डासांत दाखविले. विहिरी झाकण्यास धार्मिक भावनेतून विरोधही झाला. तेव्हा 'पाणी बाधते' म्हणणारे आपले पूर्वज अगदीच चुकले नव्हते. पाणी पिण्याने नव्हे, उघडे साठल्याने बाधत होते! स्वातंत्र्यानंतर १९५३ साली देशव्यापी मोहीम निघाली, तेव्हा दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोक आजारी पडत आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. डी.डी.टी.च्या फवारणीने १९६५ पर्यंत रोगी लाखाच्या आसपास आले. पण डास डी.डी.टी.ला सरावले, यंत्रणा सैलावली, आणि १९७६ साली रोग्यांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. शोध एकदाच लागतो. दक्षता मात्र रोज बाळगावी लागते.

रॉस आणि ग्रासी श्रेयासाठी झगडले. हुसेन खान आणि महंमद बक्ष यांनी काही मागितल्याचे आम्हांस ठाऊक नाही. एकाने आपले रक्त दिले, दुसऱ्याने आपले दिवस दिले. आज त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचतात, ती रॉस यांनी आपल्या लेखनात नमूद केली म्हणूनच. परमुलखात पन्नास वर्षे टिकलेल्या कोणत्याही मंडळाचा इतिहास असाच असतो. अध्यक्षांच्या नावांची पाटी भिंतीवर लागते. सतरंज्या उचलणाऱ्यांची नावे कोणीतरी आठवणीने लिहून ठेवावी लागतात. महोत्सवाच्या वर्षी तेवढे काम आपण सर्वांनी मिळून करावे, अशी आमची विनंती आहे.