साठ ओहमचा हिशेब : अवजड यंत्रांतील संदेशवहनाचे बिघाड कसे शोधावेत?

रस्त्याच्या कामावर असलेली पोकलेन एकाएकी मंदावते. इंजिन चालू असते, पण वेग वाढत नाही. बूम जेमतेम उचलला जातो आणि चालकासमोरच्या पडद्यावर सात-आठ फॉल्ट कोड एकदम झळकू लागतात. मेकॅनिक येतो, कोड वाचतो आणि ‘कंट्रोलर गेला’ असे सांगून मोकळा होतो. महागडा कंट्रोलर मागवला जातो. तो येईपर्यंत यंत्र उभे, डंपर रिकामे. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. नवा कंट्रोलर बसवल्यावरही तेच कोड पुन्हा उमटले, की मग कुठे वायरिंगकडे लक्ष जाते. वास्तविक हा क्रम उलट असायला हवा. संदेशवहनाच्या बिघाडात आधी तार मोजावी आणि कंट्रोलरवर संशय शेवटी घ्यावा.

दोन तारांवरचा संवाद

पूर्वी प्रत्येक सेन्सरपासून संबंधित यंत्रणेपर्यंत स्वतंत्र तार जात असे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढले, तशा तारांच्या जुड्या जाड होत गेल्या. त्यावर उपाय म्हणून जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ अर्थात ‘कॅन’ या पद्धतीवर काम सुरू केले. १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे ती जाहीर झाली आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ या आंतरराष्ट्रीय मानकात तिचा समावेश झाला. अवजड वाहने व बांधकाम यंत्रांसाठी याच पायावर एसएई जे-१९३९ हे मानक उभे राहिले. भारतात चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून उत्सर्जनाचे चौथ्या टप्प्याचे निकष लागू झाले. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक इंजिने तालुक्याच्या गावी चालणाऱ्या यंत्रांतही दिसू लागली. त्यामुळे हे ज्ञान आता केवळ कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरपुरते राहून चालणार नाही.

या पद्धतीत इंजिन, हायड्रॉलिक पंप, डिस्प्ले असे सर्व कंट्रोलर एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवर बोलतात. त्यांना कॅन-हाय आणि कॅन-लो म्हणतात. संदेश नसताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना पहिली ३.५ पर्यंत चढते, तर दुसरी १.५ पर्यंत उतरते. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडत असल्याने त्यांच्यातील फरक टिकून राहतो. मुख्य मार्गाच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. टोकाशी पोहोचलेला संकेत उलटून माघारी येऊ नये, हे त्याचे काम.

कोड काय सांगतो?

जे-१९३९ मधील कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा क्रमांक बिघाड कोणत्या घटकाशी संबंधित आहे ते सांगतो, तर एफएमआय हा क्रमांक बिघाडाचा प्रकार सांगतो. एफएमआय ३ किंवा ४ म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त किंवा कमी. तेथे त्या सेन्सरची तार तपासावी. एफएमआय ९ म्हणजे अपेक्षित माहिती वेळेवर न येणे आणि १९ म्हणजे जाळ्यावरून आलेली माहिती सदोष असणे. हे दोन आकडे दिसले, की संशयाची सुई संदेशवहनाकडे वळवावी.

त्यानंतर कोण कोणाविरुद्ध तक्रार करतो, हे कागदावर मांडावे. सगळे कंट्रोलर एकाच कंट्रोलरबद्दल तक्रार करीत असतील, तर त्याचा फ्यूज, विद्युतपुरवठा, अर्थिंग आणि त्याच्याकडे जाणारी शाखा पाहावी. सगळेच सगळ्यांबद्दल तक्रार करीत असतील, तर दोष मुख्य मार्गात असण्याची शक्यता अधिक. सतत चुका घडू लागल्यास कंट्रोलर नियमानुसार स्वतःच जाळ्यातून बाजूला होतो. म्हणूनच मुका झालेला कंट्रोलर मेलेलाच असेल असे नाही. बॅटरी उतरल्यामुळे उमटलेले जुने कोडही स्मृतीत राहतात. सर्व कोड लिहून घ्यावेत, पुसावेत आणि कोणते परत येतात ते पाहावे.

मल्टिमीटरची साक्ष

तपासणीआधी यंत्र सपाट जागी उभे करावे, बकेट जमिनीवर टेकवावी आणि इंजिन बंद करावे. किल्ली काढल्यावरही काही कंट्रोलर थोडा वेळ जागे असतात. त्यामुळे काही मिनिटे थांबून मगच बॅटरी सोडवावी. जे-१९३९ च्या नऊ पिनांच्या गोल तपासणी सॉकेटमध्ये सी ही पिन कॅन-हायची आणि डी ही कॅन-लोची असते. या दोहोंमधील रोध मोजावा.

सुमारे ६० ओहम आले, तर दोन्ही रोधक जागेवर आहेत. १२० आले, तर एक रोधक निघाला आहे किंवा मुख्य मार्ग मध्येच तुटला आहे. ४० च्या आसपास आले, तर कोणीतरी तिसरा रोधक जोडला आहे. शून्याच्या जवळ आले, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

मात्र ६० आले म्हणून सारे आलबेल समजू नये. एखादी तार चासीला टेकलेली असू शकते. दोन्ही तारांचा चासीशी रोध स्वतंत्रपणे मोजावा. मग बॅटरी जोडून, किल्ली चालू करून व्होल्टेज पाहावे. कॅन-हायवर २.५ पेक्षा थोडे अधिक, कॅन-लोवर थोडे कमी आणि दोहोंची बेरीज पाचच्या आसपास, हे निरोगी जाळ्याचे लक्षण. शून्य व्होल्ट चासीशी झालेला संपर्क सुचवतात, तर बॅटरीइतके व्होल्टेज पुरवठ्याच्या तारेशी झालेला.

दोष आहे एवढे ठरले, की जागा शोधावी. किल्ली बंद ठेवून एकेक कंट्रोलरचा कनेक्टर काढत जावा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे. ज्याला काढताच आकडा सुधारतो, तो कंट्रोलर किंवा त्याची शाखा दोषी. काही कंट्रोलरमध्ये टोकाचा रोधक आतच असतो. तो काढल्यावर १२० दिसणे साहजिक आहे. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात मीटर लावून जुडी हलवून पाहावी. बूमच्या सांध्यापाशी आणि केबिनखाली तारा घासल्या जातात, हे ध्यानात ठेवावे.

बिघाड टाळण्यासाठी

दाबाच्या पाण्याने धुताना कनेक्टरवर थेट फवारा मारू नये. आत शिरलेले पाणी पिनांना गंज आणते. पावसाळ्यानंतर उभ्या यंत्रातील तारा उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, ते पाहावे. बकेटला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, उत्पादकाच्या सूचनेनुसार कंट्रोलरचे कनेक्टर काढावेत आणि अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा. कॅनची तार जोडताना तिचा पीळ जोडापर्यंत कायम राखावा. साधी सुटी वायर वापरून तात्पुरती जोडणी करू नये.

या साऱ्या तपासणीला साधा मल्टिमीटर, यंत्राचा वायरिंग नकाशा आणि थोडा धीर पुरेसा असतो. पुरवठा, अर्थिंग आणि दोन्ही तारा निर्दोष ठरल्यानंतरही कंट्रोलर बोलत नसेल, तरच तो बदलावा. मालकाने नव्या कंट्रोलरचा खर्च मंजूर करण्यापूर्वी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : सी आणि डी पिनांमध्ये किती ओहम आले?