पत्रकार व्हायचंय, पण कॉलेज कोणतं? गिरगाव ते दादर, फी भरण्याआधी या गोष्टी तपासा

बारावीचा निकाल लागला की पहिल्या मेरिट लिस्टपर्यंत हातात फार दिवस नसतात. तेवढ्या वेळात ‘मास मीडिया’, ‘मास कॉम’, ‘जर्नलिझम डिप्लोमा’, ‘बीएएमएमसी’ अशी सारखीच वाटणारी नावं समोर येतात. प्रत्येकाचा खर्च वेगळा आणि तीन वर्षांनी हातात पडणारा कागदही वेगळा. घरातलं कुणी या क्षेत्रात नसेल, तर गोंधळ आणखी वाढतो.

पत्रकारितेची पदवी घ्यायची असेल तर दक्षिण आणि मध्य मुंबईत काय पर्याय आहेत आणि कॉलेज निवडताना नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊ.

बीएमएम आणि बीएएमएमसी एकच का?

हो. मुंबई विद्यापीठात २०००च्या सुमारास ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ म्हणजे बीएमएम सुरू झालं. २०१९-२०पासून त्याचं नाव ‘बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन’, म्हणजे बीएएमएमसी झालं. कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र अजूनही सगळे ‘बीएमएम’च म्हणतात.

आर्ट्स, कॉमर्स किंवा सायन्स, कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना इथे अर्ज करता येतो. अनेक कॉलेजं शाखेनुसार वेगळी मेरिट लिस्ट लावतात. त्यामुळे मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघताना आपल्याच शाखेचा बघा. सायन्सचा आकडा पाहून आर्ट्सच्या विद्यार्थ्याने घाबरण्यात अर्थ नाही.

२०२४पासून बीएमएस, बीबीए आणि बीसीएसाठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. बीएएमएमसी त्यात येत नाही. मात्र स्वायत्त कॉलेज स्वतःची परीक्षा घेऊ शकतं. सेंट झेवियर्सने या अभ्यासक्रमासाठी अनेक वर्षं स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली आहे. अशा परीक्षांचे फॉर्म निकालाआधीच सुटू शकतात, म्हणून कॉलेजच्या वेबसाइटवर आधीपासून लक्ष ठेवावं लागतं.

या भागात कोणती कॉलेजं आहेत?

चर्चगेटला जय हिंद आणि के. सी., धोबी तलावला सेंट झेवियर्स, गिरगाव चौपाटीसमोर विल्सन, परळला महर्षी दयानंद (एम. डी.), दादर पश्चिमेला कीर्ती आणि माटुंग्याला रुईया. लालबागच्या विद्यार्थ्याला यातली बहुतेक कॉलेजं बस किंवा लोकलने गाठता येतात.

अंतर कमी असलं तरी पदवी सारखी असेलच असं नाही. के. सी. आणि जय हिंद हाकेच्या अंतरावर आहेत. पण के. सी. हे २०२०मध्ये सुरू झालेल्या एचएसएनसी विद्यापीठात आहे, तर जय हिंद स्वायत्त असलं तरी त्याची पदवी मुंबई विद्यापीठाची. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी विद्यापीठ देतं. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रमही विद्यापीठाचाच असतो.

पदवी की डिप्लोमा?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. यूजीसी कायदा १९५६च्या कलम २२नुसार पदवी फक्त विद्यापीठ किंवा कायद्याने तो अधिकार मिळालेली संस्थाच देऊ शकते. खासगी मीडिया इन्स्टिट्यूट स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा देऊ शकते, पदवी नाही.

डिप्लोमा वाईट नसतो, तो कधी करायचा हे महत्त्वाचं. एक नेहमीचा गोंधळ बघा. सेंट झेवियर्सच्याच आवारात १९६९पासून झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे. ही नावाजलेली संस्था डिप्लोमा अभ्यासक्रम चालवते. ‘झेवियर्समधून पत्रकारिता केली’ असं कुणी सांगितलं तर कॉलेजमधून पदवी केली की इन्स्टिट्यूटमधून डिप्लोमा, हे विचारावं लागतं.

बारावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा घेतला, तर पुढे एमए, स्पर्धा परीक्षा किंवा जिथे पदवी ही अट आहे अशा नोकरीसाठी दार बंद होऊ शकतं. जाहिरातीत ‘पदवीही मिळेल’ असं असेल तर विद्यापीठाचं नाव विचारा आणि ते यूजीसीच्या वेबसाइटवर शोधा.

त्या कॉलेजात पत्रकारिता खरंच शिकवतात का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे. बीएएमएमसीच्या आजवरच्या रचनेत पहिली दोन वर्षं सगळ्यांना समान आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता, अशी निवड. जाहिरातीकडे ओढा जास्त असतो. पत्रकारितेसाठी पुरेसे विद्यार्थी नसतील, तर कॉलेज ती तुकडी सुरूच करत नाही असं होऊ शकतं. मग पत्रकार व्हायला आलेल्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी जाहिरात शिकावी लागते.

म्हणून प्रवेशाआधी विभागात जाऊन थेट विचारा:

- गेल्या तीन वर्षांत पत्रकारितेची तुकडी भरली का? किती विद्यार्थी होते?
- रिपोर्टिंग आणि एडिटिंग कोण शिकवतं? त्यांनी न्यूजरूममध्ये काम केलंय का?
- विद्यार्थ्यांचं नियतकालिक, वेबसाइट किंवा यूट्यूब चॅनल आहे का? शेवटचा अंक कधी निघाला?
- कॅमेरा, माइक आणि एडिटिंगचे संगणक विद्यार्थ्यांना वापरायला मिळतात का?

फेस्ट किती मोठा होतो यावरून विभाग ओळखू नका. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला भेटा आणि त्याने केलेल्या तीन बातम्या दाखवायला सांगा. नॅकचा दर्जा जरूर बघा, पण तो अख्ख्या कॉलेजचा असतो, एका विभागाचा नाही.

मराठीतून शिकता येतं का?

मुंबई विद्यापीठाने हा अभ्यासक्रम मराठी माध्यमातूनही आणला, पण तो मोजक्या कॉलेजांतच चालतो आणि पाठ्यपुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी शाळेतून आलेल्यांनी माध्यम कोणतं, उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे लेखी विचारून घ्यावं.

इंग्रजीतून शिकूनही मराठी पत्रकारितेत जाता येतं. फक्त मराठी लिखाणाचा सराव स्वतः करावा लागतो, कारण वर्गात तो होत नाही.

फी आणि नवं शैक्षणिक धोरण

कॉलेज अनुदानित असलं तरी हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी सेल्फ-फायनान्स असतो. म्हणजे शेजारच्या वर्गातल्या बीएपेक्षा फी बरीच जास्त. तीन वर्षांची एकूण फी विचारा. शिष्यवृत्ती हवी असेल तर महाडीबीटी पोर्टलवर कॉलेजचं नाव असून पुरत नाही, हाच अभ्यासक्रम तिथे दिसायला हवा.

प्रवेश घेऊन मग दुसरीकडे नंबर लागला तर? यूजीसीच्या २०१८च्या नियमानुसार कॉलेजला मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५ हजार रुपयांपर्यंतच, कापून बाकी फी परत द्यावी लागते. उशीर होईल तशी परताव्याची रक्कम घटते.

नव्या धोरणात तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी असे पर्याय आहेत. फिल्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंगलाही क्रेडिट मिळतात. हे ट्रेनिंग कॉलेज मिळवून देतं की विद्यार्थ्याने स्वतः शोधायचं, हेही विचारा.

पत्रकार होण्यासाठी हीच पदवी लागते का?

नाही. इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्रात बीए करून नंतर एक-दोन वर्षांचं पत्रकारितेचं शिक्षण घेणारे अनेक आहेत. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातला पत्रकारिता विभाग, सोफिया पॉलिटेक्निकचा मुलींसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आणि आयआयएमसीच्या अमरावती केंद्रातला मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा, असे पर्याय पदवीनंतर आहेत. फी परवडत नसेल, तर अनुदानित बीए आणि त्यानंतर असा अभ्यासक्रम हा मार्ग स्वस्त पडू शकतो.

मुंबईत शिकण्याचा खरा फायदा कोणता?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ याच शहरात सुरू केलं. ‘नवाकाळ’ १९२३मध्ये गिरगावातून निघू लागला. आजही मंत्रालय, विधानभवन, उच्च न्यायालय आणि महापालिका मुख्यालय एकमेकांपासून जवळ आहेत. आझाद मैदानात राज्यभरातले आंदोलक येऊन बसतात. परळला केईएम आणि टाटा रुग्णालय आहे, लालबागला चाळींच्या पुनर्विकासाचे आणि गिरणी कामगारांच्या घरांचे प्रश्न आहेत.

यातल्या कुठल्याही ठिकाणी पोहोचायला लोकलचा पास पुरतो. कॉलेज विद्यार्थ्यांना तिथे पाठवतं का, आणि त्यांनी लिहून आणलेलं कुणी तपासून परत देतं का? दोन कॉलेजांमध्ये निवड अडली असेल, तर या दोन प्रश्नांना ‘हो’ म्हणणारं कॉलेज घ्या, मग नाव थोडं कमी ऐकलेलं असलं तरी चालेल.