बुखारेस्ट अर्ली इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट

संस्थेत वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना कुटुंब मिळाले तर त्यांच्या वाढीत काय फरक पडतो, हे तपासणारा रुमानियातील दीर्घकालीन अभ्यास. आरंभ २००० च्या सुमारास. प्रमुख संशोधक चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना.

हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये लोकसंख्यावाढीसाठी गर्भपातावर कडक निर्बंध घातले. पोसणे न झेपणारी मुले गरीब आईबाप सरकारी बालगृहांत सोडू लागले. १९८९ मध्ये त्याची राजवट कोसळली, तेव्हा तिथे लाखाहून अधिक मुले होती. तान्ह्यांच्या खोल्यांत विलक्षण शांतता असे. रडून कोणी उचलून घेत नाही, हे त्या जिवांना कळून चुकले होते. एकेका दाईकडे डझनभर मुले. दूध, आंघोळ, झोप सारे ठरल्या वेळी, एकगठ्ठा. जरा मोठी मुले तासन्‌तास डोलत बसत.

बुखारेस्टमधील सहा संस्थांतली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुले निवडली गेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी झाली : निम्मी प्रतिपालक कुटुंबांत गेली, निम्मी संस्थेतच राहिली. शहरात अशी कुटुंबे जवळजवळ नव्हतीच; प्रकल्पाने ५६ कुटुंबे शोधून त्यांना मानधन व समाजसेविकांची साथ दिली. घरीच वाढलेली ७२ मुले तुलनेसाठी घेतली.

उरलेल्यांना संस्थेत का ठेवले, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यावर बराच वाद झाला. मात्र कोणालाही अडवून ठेवायचे नाही, हा प्रकल्पाचा नियम होता. पुढे त्यांतील अनेकांना घर मिळाले.

साडेचार वर्षांच्या वयात प्रतिपालक घरांतील मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८१ भरला, संस्थेच्या गटाचा ७३, घरच्या मुलांचा १०९. हे निष्कर्ष २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना लाभ अधिक झाला. साडेतीन वर्षांच्या वयात प्रतिपालक घरांतील जवळपास निम्म्या मुलांचा सांभाळणाऱ्यांशी सुरक्षित जिव्हाळा जुळला होता. संस्थेच्या गटात हे प्रमाण पाचव्या हिश्शाहूनही कमी. लक्ष न लागणे, अतिचंचलता या अडचणी मात्र घर मिळूनही हटल्या नाहीत.

२००४ च्या कायद्याने रुमानियाने दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली, पण तीव्र अपंगत्व असलेली मुले त्यातून वगळली. सर्वांत जास्त मायेची गरज असलेल्यांनाच बाहेर ठेवणारी ही तरतूद अन्यायाची होती.