गोळी तीच, पण देणार कोण?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडच्या मंडळींना 'वेध' सांगायला नको. पण तो भरवणारी ठाण्याची 'आयपीएच' नक्की काय करते, विचारलं तर बरेच जण "करिअर गायडन्स ना?" म्हणतात. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ही संस्था काढली ती मानसिक आरोग्यासाठी. म्हणजे उपचार तर आहेतच, पण आजारी पडण्याआधीच विचार करायची सवय लावणं हाही हेतू.

यातल्या विचारांचं मूळ न्यूयॉर्कमध्ये सापडतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली. परीक्षेत कमी मार्क पडले ही घटना. "मी नापास म्हणजे मी कुचकामी" हा आपण जोडलेला अर्थ. त्रास होतो तो मुख्यतः अर्थाचा. आणि अर्थ बदलता येतो! हे मुलांना शिकवता येईल म्हणून १९७० च्या दशकात एलिसच्या संस्थेने एक छोटी शाळाही चालवून पाहिली. आपल्याकडे ही पद्धत रुजवली मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी.

इथपर्यंत छान. पण दवाखान्यात चालणारं औषध वर्गात चालतं का? आमच्या भाषेत, लॅबमधला कोड प्रॉडक्शनला टिकतो का?

याचं उत्तर मिळालं बिहारमध्ये. गोव्याच्या 'संगत' संस्थेच्या संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटात बाहेरून नेमलेला, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस समुपदेशक; दुसऱ्यात तेच काम शाळेतल्याच शिक्षकाकडे; तिसऱ्यात नेहमीचाच कार्यक्रम. निकाल २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या गटात? जवळजवळ काहीच फरक नाही. कार्यक्रम तोच, बरं का!

ब्रिटनमध्येही ८० हून अधिक शाळांत शिक्षकांनी माइंडफुलनेस शिकवून पाहिलं. २०२२ चा निष्कर्ष: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा नाही.

यात शिक्षकांचा दोष काढायचं कारण नाही. पोर्शन, पेपर, निवडणुकीची ड्यूटी सांभाळणाऱ्या बाईंना वेळ कुठला? शिवाय मार्क देणाऱ्यापाशी पोरगं मन कसं मोकळं करणार?

म्हणून आपल्या मुलांच्या शाळेत "दोन दिवसांचं टीचर ट्रेनिंग झालं" असं ऐकलंत, तर पालकसभेत एकच प्रश्न विचारा: रोज भेटणारा, मार्क न देणारा माणूस शाळेत आहे का?